गच्चीचा ढेकर

"बाई, मासे शू कुठून करतात?"

गार्गीने हे विचारलं तेव्हा आम्ही दोघी जिन्यात होतो. बादलीची कडी दोघींनी मिळून धरली होती, बादलीत मासे उसळत होते आणि समोरून आगाशे सोवळं नेसून, फुलांची परडी घेऊन खाली उतरत होते.

आगाशे म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन आणि गार्गीचे वडील. तिचा आवाज शाळेच्या घंटेसारखा असल्यामुळे प्रश्न चारही मजल्यांवर पोचला होता.

"गार्गी, हे काय बोलणं झालं? तेही जिन्यात?"

"मग कुठे विचारू, बाबा?"

आगाशांनी परडी या हातातून त्या हातात घेतली. माझ्याकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. मूल प्रश्न विचारतं तेव्हाच त्याची उत्तराची भूक ताजी असते, मग तो जिना असो की सुतकाचं घर.

"बरीचशी कल्ल्यांतून," मी म्हटलं. "आपल्या शूमधून जे बाहेर जातं, तसलंच काहीतरी मासे श्वासाबरोबर कल्ल्यांतून पाण्यात सोडतात."

"म्हणजे तोंडाजवळून?"

"जवळजवळ."

"ईऽऽ!" गार्गी म्हणाली. आयुष्यात इतकी छान गोष्ट तिने कधी ऐकली नसावी, असा तिचा चेहरा झाला होता. त्या आनंदात तिने बादलीला हिसका दिला आणि ओंजळभर पाणी आगाशांच्या सोवळ्यावर उडालं.

आगाशे परडीसकट वळले आणि पुन्हा आंघोळ करायला वर गेले.

रत्नागिरीत समुद्र हाकेवर असताना गच्चीवर मासे पाळायचं खूळ माझ्या डोक्यात निवृत्तीनंतर शिरलं. खाली माशांची टाकी, तिच्यावर लाकडी घोडीवर उभं चिरलेलं निळं पिंप, पिंपात माती नाही, नुसती खडी. खडीत भाजी लावायची. टाकीतलं पाणी कूलरच्या छोट्या पंपाने वर चढवायचं. ते खडीतून झिरपून पुन्हा टाकीत येतं. मासे पाणी घाण करतात, भाजी त्या घाणीवर पोसते, आणि माशांना पाणी स्वच्छ मिळतं. पुस्तकात वाचताना हे फार सोपं वाटतं.

गार्गी तेव्हा सहावीत होती. मे महिन्याच्या सुट्टीत ती रोज वर यायची. पिंप चिरताना तिने धरलं, खडी तिने धुतली, भोकं पाडताना तिचा अंगठा सोलवटला. तो ती बक्षीस मिळाल्यासारखा बिल्डिंगभर दाखवत हिंडली. गच्चीवर पत्र्याची शेड होतीच, त्यामुळे पावसाची चिंता नव्हती. चिंता होती ती आगाशांची.

"गणपतीत गच्चीवर सोसायटीची पंगत बसते," ते म्हणाले. "तोवर ठेवा. तोवर ताटात वाढण्यासारखी भाजी आली तर पुढचं बघू. नाही आली तर टाकी खाली. मासे तुम्ही न्या, काय करायचं ते करा त्यांचं."

"काय करायचं ते" म्हणताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मयेकर आहे हे मला नव्याने कळलं.

माशांना माझ्यापासून धोका नव्हता. ते लांज्याजवळच्या एका शेततळ्यातले चिलापी होते. माझा भाऊ बघायला आला, टाकीत डोकावला आणि म्हणाला, "ताई, हे खायचे? गोड्या पाण्यातले? त्यापेक्षा मी आगाशांकडे जेवीन." मासे वाचले ते भूतदयेमुळे नव्हे, आमच्या चोखंदळपणामुळे.

"टाकी गेली तर मी पण जाणार," गार्गीने बापाला बजावलं.

"कुठे?"

"शेततळ्यात."

विजेची वायर आगाशांच्या घरातूनच वर नेली होती, कारण ते सर्वांत वरच्या मजल्यावर राहत. गार्गीने हट्ट करून परवानगी काढली होती. पंपाचं बटण आलं ते नेमकं देवघराशेजारच्या, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या भिंतीवर.

पहिले काही आठवडे पाणी गढूळ झालं, वास मारू लागलं, आणि गार्गी रोज विचारायची, "बिघडलं का?"

"नाही. आचारी यायचेत अजून."

"कोण आचारी?"

"डोळ्यांना न दिसणारे. जिवाणू. मासे जे सोडतात ते विष असतं. खडीवर एका जातीचे जिवाणू घर करतात, ते त्या विषाचं दुसरं काहीतरी करतात. मग दुसऱ्या जातीचे येतात आणि त्याचं खत करतात. झाडं तेच खातात."

"मग तुम्ही आणा ना ते आचारी."

"त्यांना बोलवावं लागत नाही. जागा करून ठेवायची आणि वाट बघायची."

"तुम्हाला वाट बघायला आवडते, बाई?"

"मी सहावीच्या वर्गात उत्तरांची वाट बघण्यात उभं आयुष्य काढलंय."

आचारी आले. एके दिवशी पाणी निवळलं. लाल माठ उगवला, अळूने कान बाहेर काढले, भेंडी काठीसारखी सरळ चढली. आणि ढेकर सुरू झाला.

त्याचं असं, की पिंपात पाणी ठरावीक उंचीला चढलं की एक नळी ते एका दमात खाली ओढून घेते. पाणी संपत आलं की नळीत हवा शिरते आणि मोठा आवाज होतो. पोटभर जेवून कोणी वडीलधाऱ्या माणसाने बिनदिक्कत द्यावा तसा. गार्गीने त्याला नाव दिलं, गच्चीचा ढेकर. तो दिवसरात्र थोड्याथोड्या वेळाने यायचा. बिल्डिंगमधली लहान मुलं तो ऐकून लोळायची. फक्त आगाशांना हसू येत नसे. त्यांच्या देवघराच्या बरोब्बर डोक्यावर ती नळी होती.

"मी संध्येला बसतो आणि वर कोणीतरी..." आगाशे हातवारे करत म्हणाले. त्यांना शब्द उच्चारवेना.

"ढेकर देतं," मी मदत केली.

"तुम्हाला ढेकर वाटतो. मला दुसरंच काही वाटतं."

मग त्यांनी एक तोड काढली. पूजेला बसताना ते बटण बंद करायचे आणि उठताना सुरू करायचे. तेवढ्याने माशांचं बिघडत नव्हतं, म्हणून मी बोलले नाही.

श्रावण संपत आला तशी आगाशांच्या घरात एक निराळीच अडचण उभी राहिली. आगाशांची आई, माई, ऋषिपंचमी कडक पाळायच्या. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य नाही, भाजी नाही. डोंगरात, परसात, कुदळीने खणून हाताने लावलेलं तेवढंच. पावसजवळच्या डोंगरातून एक बाई वर्षानुवर्षं माईंसाठी अशी भाजी आणायची. त्या वर्षी तिच्या मुलाने पॉवर टिलर घेतला.

"त्यात बैल नाही गो, आई," आगाशे समजावत होते. त्यांचं दार उघडं होतं आणि मी जिन्यात होते, म्हणून मला ऐकू आलं. "यंत्र आहे ते."

"डिझेल पितो ना?"

"पितो."

"नांगरतो ना?"

"नांगरतो."

"मग तो बैलच. शिंगं नाहीत एवढंच. मला नको."

माई पंच्याऐंशीच्या घरात होत्या. दात गेले होते, पण त्यामुळे बोलणं बोथट झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या कठडा धरून, प्रत्येक पायरीला नावं ठेवत गच्चीवर आल्या. मागोमाग आगाशे, त्यांच्या मागे नीलिमा, म्हणजे गार्गीची आई. गार्गी आधीच वर होती आणि माशांना खायला घालत होती.

माईंनी काठीने पिंपाला टोचलं. "मास्तरीणबाई, ह्याला बैल लागला?"

"नाही, माई."

"नांगर?"

"नाही. मातीच नाही तर नांगरणार काय?"

"मातीच नाही?" त्यांनी वाकून खडी उचलली, हुंगली, टाकली. "मग झाडं खातात काय?"

आगाशे समोर होते. मी म्हटलं, "मासे पाण्यात जे सोडतात, ते."

"सोडतात काय? मुततात म्हण सरळ. शाळेत हेच शिकवत होतीस?"

गार्गी खुदकन हसली. आगाशे कळवळून म्हणाले, "आई, म्हणूनच म्हणतो. हे शाकाहारी तरी आहे का, हाच प्रश्न आहे."

"तुझ्या लहानपणी परसातल्या भोपळ्याला शेणखत घालायचे, ते शेण कोण टाकायचं? गायच ना? तेव्हा नाही विचारलंस. दोन दोन वाटगे ओरपायचास." माई टाकीकडे वळल्या. "मासे कष्ट करतात का, एवढंच मला सांग."

"पोहतात," गार्गी म्हणाली.

"पोहणं म्हणजे कष्ट नव्हे. मी पोहायचे विहिरीत. मजा असते ती." त्यांनी माठाचं एक पान तोडून बोटांनी चुरलं. "पंचमीला हीच भाजी मी खाईन."

गार्गीने टुणकन उडी मारली. "बाबा! ताटात वाढली की टाकी राहणार! तुम्ही म्हणाला होता!"

"आई खाणार असेल तर राहील," आगाशे म्हणाले. सगळ्यांदेखत बोलल्यामुळे त्यांना तो शब्द मागे घेता येणार नव्हता, आणि नेमक्या त्या वेळी नळीने एवढा मोठा ढेकर दिला की माई दचकून म्हणाल्या, "जेवला वाटतं कोणी."

हरतालिकेच्या संध्याकाळी आगाशांचा गणपती घरी आला. चतुर्थीला सकाळी मी गच्चीवर गेले तेव्हा तीन मासे उलटे होऊन तरंगत होते. बाकीचे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. पंप चालू होता, पाणी पडत होतं, काही बिघडलेलं दिसत नव्हतं. मी मेलेले मासे काढले, मगाने पाणी वरून ओतत बसले. त्याने हवा मिसळते. हळूहळू मासे खाली गेले. गार्गी आली नाही.

गणपतीची गडबड असेल म्हटलं. दुपारी प्रसादाला गेले, तेव्हा नीलिमा दारातच भेटली.

"गार्गी कुठाय?"

"ती चार दिवस वर येणार नाही, बाई," नीलिमा खालच्या आवाजात म्हणाली. "कालपासून. पहिल्यांदाच. नेमकी आत्ता यायची होती, गणपतीत."

"बरी आहे ना? पोटबिट दुखतंय का?"

"बरी आहे. मागच्या खोलीत बसवलंय. झाडांना, टाकीला हात लावू नकोस म्हटलं होतं, तरी काल संध्याकाळी माशांना घालून आलीच."

नीलिमा माझीच विद्यार्थिनी. दहावीला मानवी शरीराच्या धड्यावर तिने पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"असं बघू नका, बाई," ती म्हणाली. "पेपरात लिहायचं वेगळं, घरात वागायचं वेगळं. आणि माईंचं पंचमीचं व्रत आहे. ते व्रतच ह्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून करतात, तुम्हाला माहीत नाही का? त्यांच्या ताटात हिने शिवलेलं कसं चालेल?"

मला माहीत होतं. भांडावंसंही वाटलं. पण भांडून नीलिमा पुढच्या खोलीत हरली असती आणि गार्गी मागच्या खोलीतच राहिली असती. मी मोदक खाल्ला आणि वर जायला निघाले.

गच्चीच्या जिन्याच्या वळणावर आगाशांच्या मागच्या खोलीची खिडकी आहे. खिडकीत गार्गी होती. डोळे सुजलेले, मांडीवर उलटं पुस्तक.

"बाई, किती मेले?"

"तुला कसं कळलं?"

"सकाळी आई बाबांना सांगत होती, मयेकरबाई मेलेले मासे घेऊन खाली गेल्या म्हणून." तिने गजांवर कपाळ टेकलं. "मी मारले. आईने सांगितलं होतं शिवू नकोस. मी शिवले."

मी पायरीवर बसले. खरं म्हणजे ओरडून सांगावंसं वाटत होतं, की वेडे, तुझ्या शिवण्याने कोणी मरत नाही. पण मोठ्यांनी ओरडून सांगितलेलंच तर तिने मनावर घेतलं होतं. त्यावर आणखी एका मोठ्या माणसाचं सांगणं कशाला?

"टाकीतले सगळे मेले?" मी विचारलं.

"नाही ना?"

"तीन मेले. कोणते असतील?"

तिने डोळे पुसले. "लहान?"

"मोठे. तिन्ही मोठे."

ती विचारात पडली. "मी तर सगळ्यांना घातलं. सगळेच खायला आले होते."

"बाकीचे सकाळी काय करत होते, सांगू? वर तोंड काढून धापा टाकत होते."

"हवा!" ती एकदम म्हणाली. "त्यांना हवा कमी पडली. मोठ्यांना जास्त लागते." मग पुन्हा चेहरा पडला. "पण पंप तर होता ना चालू?"

"सकाळी मी गेले तेव्हा होता."

वर नळीने ढेकर दिला. गार्गीने मान वर केली, आणि तिचे डोळे हळूहळू मोठे होत गेले.

"बाई, काल रात्री मला झोप नव्हती. पोट दुखत होतं." ती खिडकीचे गज धरून उभी राहिली. "एकदाही ढेकर आला नाही."

"खात्री?"

"एकदाही नाही. मी वाट बघत होते. तो आला असता तर बरं वाटलं असतं मला."

दोघींनाही एकाच वेळी देवघराशेजारची भिंत दिसली असणार. गणपती घरात आला होता, आणि आगाशांनी देवाच्या झोपेची काळजी घेतली होती. पूजेपुरतं नाही, रात्रभर.

"बाबा," गार्गी म्हणाली.

"हं."

"मी नाही."

"हं."

ती गज सोडून पुन्हा खाली बसली. मग म्हणाली, "पण आई म्हणते, मी तोडलेली भाजी माईआजीला चालणार नाही. उद्या तुम्ही तोडाल?"

"तोडीन की. मला येते भाजी तोडता."

"आणि टाकी राहील."

"राहील."

तिला यात आनंद व्हायला हवा होता. तिने पुस्तक सुलटं केलं आणि पुन्हा उलटं ठेवलं.

"बाई, तुम्ही मला तोडायला सांगाल का?"

"नाही. तोडू नको असंही सांगणार नाही. भाजी तू लावलीयस."

पंचमीला सकाळी मी वेळेवर गच्चीवर गेले. पिंपातला माठ तोडलेला होता, व्यवस्थित, देठ राखून, मी शिकवला होता तसा. अळूची मोठी पानं गेली होती, कोवळी ठेवली होती. भेंडीच्या झाडावर एक निबर भेंडी तेवढी बियाण्याला सोडलेली. मी रिकाम्या हातांनी जिना उतरले.

आगाशांच्या स्वयंपाकघरात माई पाटावर बसल्या होत्या. पुढे केळीचं पान. नीलिमा ओल्या केसांनी ओट्याशी, आगाशे बाहेर गणपतीपाशी. दारातल्या उंबऱ्याबाहेर गार्गी सूप घेऊन उभी होती. सुपात भाजी, भाजीवर पाण्याचे थेंब.

"बाईंनी दिली ना?" नीलिमाने मागे न बघता विचारलं. "खाली ठेव, मी उचलते."

"मी तोडली, आई."

नीलिमा वळली. तिने आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पाटावरच्या सासूकडे. आगाशे गणपतीपुढून उठून आले.

"काय झालं?"

"मी भाजी तोडली, बाबा. मला चार दिवस बसायचंय, आज तिसरा आहे, आणि मी तोडली." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. चार मजले.

"अगं, हळू!" आगाशांचा चेहरा लाल झाला. "आईच्या व्रताचं वाटोळं केलंस? आता काय खाईल ती? बाई, तुम्ही शिकवलंत हे? संपलं. आजच उतरवतो ती टाकी."

"थांब मोरू," माई म्हणाल्या. "गार्गी, इकडे बघ. झाडं वाळली का, तू शिवल्यावर?"

"नाही, माईआजी. काल तर मासे मेले होते. पण ते मी नाही मारले. परवा रात्री पंप बंद होता, म्हणून हवा कमी पडली." ती थांबली. बापाकडे बघायचं की नाही हे तिला ठरवता येईना, मग तिने पाहिलं. "बाबा, रात्रभर ढेकर आला नव्हता. बटण कोणी बंद केलं?"

आगाशांची नजर बटणाकडे गेली. "मूर्ती नुकतीच आलेली," ते पुटपुटले. "वरून असले आवाज... सकाळी केलं होतं मी सुरू."

माईंनी केळीच्या पानावरची पाण्याची रेघ बोटाने पुसली.

"माझ्या वेळी पडवळाचा वेल होता," त्या म्हणाल्या. "परसात. नवी नवरी होते मी. वेल करपला. सासूबाई म्हणाल्या, हिने शिवला. साऱ्या आळीत झालं, आगाशांच्या सुनेने वेल मारला. मामंजींनी चुलीतली धगधगती राख त्याच्या बुंध्याशी ओतली होती. मी बाजूला बसायच्या खोपटातून पाहिलं होतं."

"मग सांगितलं नाहीत तुम्ही?" मी विचारलं.

"कोणाला सांगू? बाजूला बसवलेलं. जवळ यायचं नव्हतं ना कोणी." त्या हसल्या, पण तोंडात दात नसल्यामुळे ते हसू नीट दिसलं नाही. "तेव्हापासून ही पंचमी धरली. दोष नव्हता हे मला ठाऊक होतं, तरी धरली. एवढ्या वर्षांत मलाच वाटायला लागलं की असेल काहीतरी."

"आई, पण शास्त्र..." आगाशे म्हणाले.

"तू शास्त्र सांगू नकोस, तू बटण सांभाळ." माईंनी काठी उंबऱ्याकडे केली. "माशांचं मूत चालवून घेतलं मी, सगळ्यांसमोर. आणि माझ्या नातीचा हात नको म्हणू? नीलिमा, आण ती भाजी. सैंधव घालून शिजव, आणि हात जरा सैल ठेव, गेल्या साली अळणी होती."

नीलिमा जागची हलली नाही. मग ती दोन पावलं पुढे आली आणि तिने सूप गार्गीच्या हातातून घेतलं. खाली ठेवायला लावलं नाही, हातातून घेतलं. घेताना दोघींची बोटं एकमेकींना लागली. नीलिमाने सूप पोटाशी धरलं आणि ओट्याकडे वळली. भाजी निवडताना तिचे खांदे हलत होते. रडत होती की भरभर निवडत होती, मला पाठमोरं कळलं नाही.

भाजी शिजली. पानात वाढली. माईंनी पहिला घास घेतला, हिरड्यांनी हळू चावला. आम्ही सगळे बघत उभे होतो, आगाशेसुद्धा. गार्गी उंबऱ्याबाहेर चवड्यांवर उभी होती.

"मीठ बरं आहे," माई म्हणाल्या.

वर गच्चीने दणदणीत ढेकर दिला.

आगाशांचा हात सवयीने भिंतीकडे गेला, बटणापाशी पोचला आणि तिथून परत आला.

माईंनी दुसरा घास घेतला आणि मध्येच थांबल्या. "पण मला एक सांग गो, गार्गी. हे मासे मुततात तरी कुठून?"

"कल्ल्यांतून, माईआजी!"

"म्हणजे कुठे?"

"म्हणजे हे बघा, इथे," गार्गी स्वतःच्या कानाखाली बोट लावून दाखवू लागली. "श्वास घेतात ना, त्याच्याबरोबर. थांबा, असं नाही कळणार." ती पुढे आली, पाटाशेजारी उकिडवी बसली, तांब्यात बोट बुडवलं आणि फरशीवर पाण्याने मासा काढायला लागली. आधी डोळा, मग तोंड, मग कल्ल्याची वळलेली रेघ. माई वाकून बघत होत्या.

"मोरू, तुला ठाऊक होतं?"

आगाशांनी मान हलवली. ठाऊक होतं म्हणून की नव्हतं म्हणून, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. मात्र तेही वाकून बघत होते.

गार्गी कधीच उंबऱ्याच्या आत आली होती. तिला स्वतःला ते कळलं नव्हतं आणि माईंना मासा बघायचा होता. नीलिमाने मात्र पाहिलं. तिने हात पुसले, माईंच्या शेजारी दुसरा पाट टाकला आणि केळीचं आणखी एक पान मांडलं.